तीनदा तपासलं

"तीनदा तपासलं ना ताई, तीनदा!" असं म्हणत टेबलामागच्या बाईंनी तीन बोटं तिच्या नाकासमोर धरली.

कात्रीचं डोकं सणकलं. कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. चौकाच्या तोंडाशी तिचं कपडे शिवायचं दुकान होतं. दिवसभर हातात कात्री आणि तोंडात तिच्याहून धारदार जीभ, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. लोकांना वाटायचं, तिला हे ठाऊक नाही. चांगलं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. गळ्यात मोजपट्टी कायमची. आजही घाईघाईत हॉस्पिटलात येताना ती काढून ठेवायची राहून गेली होती.

टेबलामागच्या बाई म्हणजे किडनी विभागाच्या समन्वयक. कोण किडनी देणार, कोणाला देणार, कोणाच्या कुठल्या तपासण्या करायच्या, सगळं त्यांच्या हातून जायचं. बोलणं असं गोड, की मुंग्या लागाव्यात.

"पस्तीस हजार प्लेटलेट आहेत तुमच्या," बाई म्हणाल्या. "लागतात दीड लाखाच्या वर. प्लेटलेट म्हणजे काय, तर जखम झाली की रक्त थांबवणाऱ्या पेशी. उद्या तुम्हाला ऑपरेशनला घेतलं आणि रक्त थांबलंच नाही तर? तुमच्याच भल्यासाठी सांगतेय. डोनर म्हणून आम्ही तुम्हाला घेऊ शकत नाही. विषय संपला."

विषय संपला म्हणे! सख्ख्या भावाच्या जिवाचा विषय, आणि ह्या बाईंनी फायलीला नाडी बांधावी तसा तो बांधून बाजूला ठेवला.

भाऊ तिच्याहून बराच लहान, घरात सगळे त्याला धाकटाच म्हणायचे. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. उभं आयुष्य लोकांना वर चढवण्यात गेलं, आणि आता स्वतःला एक जिना चढवत नव्हता. दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत जाऊन पडायचं, यंत्राने रक्त धुऊन घ्यायचं, आणि घरी येऊन झोपायचं. हाताच्या शिरा दमत चालल्या होत्या. किडनीच्या मोठ्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, यंत्राच्या भरवशावर फार काळ काढता येणार नाही, घरातलं कोणी पुढे येतंय का बघा. बायकोला मधुमेह, म्हणजे ती बाद. कात्री मात्र जुळली. रक्तगट जुळला, बाकीचंही सगळं जुळलं. "छान जुळतंय," डॉक्टर म्हणाले, तर ही म्हणाली, "एका आईची लेकरं आम्ही, न जुळून सांगतो कोणाला?" तेव्हा सगळे हसले होते. आणि मग ह्या प्लेटलेट आडव्या आल्या.

"अहो मॅडम," कात्री म्हणाली, "माझा धंदा सुईचा आहे. दिवसातून दहादा टोचते. बोट तोंडात घालते आणि पुढचा टाका घालेपर्यंत रक्त थांबलेलं असतं. मागे कात्रीने अंगठा कापला, चांगला खोल. चिंधी गुंडाळली आणि हातातला कोट पुरा करून दिला. ज्या बाईचं रक्त थांबत नाही, ती बाई अशी असते का?"

"मशीन खोटं बोलत नाही ताई."

"खोटं बोलत नसेल. चुकत तर असेल?"

"तीनदा?" बाईंची बोटं पुन्हा वर. "आधी अठ्ठेचाळीस हजार, मग एकेचाळीस, आता पस्तीस. चुकायचं असतं तर एकदा चुकलं असतं."

कात्रीने गळ्यातली मोजपट्टी ओढली आणि टेबलावर टाकली.

"ही बघा. अशीच एक पट्टी होती माझ्याकडे. वापरून वापरून ताणली गेली होती, मला पत्ता नाही. एका गिऱ्हाइकाची छाती त्याच पट्टीने एकदा मोजली, दोनदा मोजली, तीनदा मोजली. माप अगदी पक्कं! आणि कोट शिवला तर माणसाच्या अंगात शिरेना. पट्टीच खोटी, तर तीनदा मोजून काय डोंबल उपयोग? तुम्हीही तिन्ही वेळा तीच जांभळ्या बुचाची नळी भरलीत, त्याच मशीनमध्ये घातलीत. दुसऱ्या कशाने तरी मोजा की!"

बाईंनी पट्टी दोन बोटांनी उचलून तिच्याकडे सरकवली. "काउंटचे प्रकार असतात ताई. डोनरला ठरलेला असतो तो मशीनचा काउंट. काचेवर रक्त पसरून डॉक्टरांनी मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी बघायचं, ती तपासणी वेगळी. ती पेशंटला लिहितात, आजाराचा संशय असेल तर."

"मग मला लिहा ती."

"तुम्ही पेशंट नाही ना. तुम्ही डोनर."

"बरं, डोनर तर डोनर."

"म्हणजे, होतात. आता डोनरही नाही."

"म्हणजे मी आहे तरी कोण?"

बाई कसनुसं हसल्या. "मनाला लावून घेऊ नका. घरी जा, छान आराम करा."

इथे मात्र कात्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठून उभी राहिली. मागच्या बाकावरची माणसं माना उंचावून बघायला लागली, तिला त्याचं काही नव्हतं.

"ऐका मॅडम. माझं रक्त थांबत नाही हे खरं असेल, तर मी आजारी आहे. कधी कुठे खरचटेल आणि मरेन. मग मला घरी कसल्या पाठवता, भरती करा! आणि घरी जाऊन छान आराम करण्याइतकी मी बरी असेन, तर माझी किडनी घ्या. दोन्हीतलं एक काहीतरी करा. भावाला द्यायचं म्हटलं की मी आजारी, आणि औषधपाणी करायचं म्हटलं की मी धडधाकट? हा कुठला न्याय?"

बाईंनी तिची फाइल मिटली. त्यांच्याकडे पुढचा माणूस होता.

"चला, पुढचे कोण आहेत?" त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. नवरा म्हणजे गरीब गाय, पोस्टातून निवृत्त झालेला, कोणाच्या अध्यात ना मध्यात. बायकोच्या ऑपरेशनला त्याने होकार दिला होता, पण तेव्हापासून बिचाऱ्याचं जेवण तुटलं होतं. आज त्याने सुटकेचा असा लांब श्वास टाकला की खिडकीचा पडदा हलावा.

"जाऊ दे, बरंच झालं," तो म्हणाला. "सुंठीवाचून खोकला गेला."

"खोकला?" कात्री गर्रकन वळली. "माझा भाऊ खोकला आहे?"

"अगं, तसं नाही म्हणालो मी..."

"आणि प्लेटलेट कमी आहेत म्हणतात बायकोच्या, त्याचं काही नाही वाटलं तुम्हाला? उद्या मी भळाभळा रक्त वाहून मेले तर?"

नवऱ्याने क्षणभर विचार केला. "तू?" तो म्हणाला. "तू नाही मरायचीस अशी."

हे त्याने इतक्या विश्वासाने म्हटलं की कात्रीला रागावता रागावता हसू फुटलं. निदान घरातल्या एका माणसाला तरी हॉस्पिटलपेक्षा जास्त कळत होतं. पण भावाला सांगायचं तर समोरासमोरच सांगायला हवं होतं, फोनवर नाही. चहा न घेताच ती तशीच त्याच्या घरी गेली.

भावजय गॅलरीत कपडे वाळत घालत होती. आत खिडकीपाशी धाकटा उशीला टेकून बसला होता, डोळे मिटलेले. कात्रीने गॅलरीतच हलक्या आवाजात सगळं सांगितलं. मशीन काय म्हणालं, बाई काय म्हणाल्या, आपण काय म्हणालो. भावजय ऐकत होती आणि एकच टॉवेल पुन्हा पुन्हा झटकत होती.

"ताई, एक विचारू?"

"विचार की."

"खरंच मशीन असं म्हणालं, की तुम्हीच..."

"मीच काय?"

"नाही, म्हणजे, करतात लोक असं." भावजयीने टॉवेल दोरीवर टाकला, वर बघितलं नाही. "डॉक्टरांना बाजूला घेतात आणि सांगतात, मला नाही द्यायची, पण घरी तोंड कसं दाखवू, तुम्हीच काहीतरी कारण काढा. मग डॉक्टर काढतात कारण. डायलिसिसला यांच्या शेजारच्या खुर्चीत असतो त्या माणसाच्या मेहुण्याने तेच केलं. सगळं जुळलं होतं, आणि ऐन वेळी काहीतरी निघालं. तुम्हाला नव्हती द्यायची तर सरळ सांगायचं होतं ताई. आशा तरी लावायची नव्हती."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! ज्या बाईसमोर पोलीस हवालदारसुद्धा शर्टाचं माप देताना पोट आत घेऊन उभा राहायचा, त्या कात्रीला आयुष्यात पहिल्यांदा उत्तर सुचलं नाही. तिने आत बघितलं. धाकट्याचे डोळे उघडे होते. त्याने सगळं ऐकलं होतं.

"गप गं तू," तो बायकोला म्हणाला. मग बहिणीकडे बघून म्हणाला, "ताई, असू दे. तू आधी हो म्हणालीस हेच खूप झालं. मी तुझ्या जागी असतो तर मलाही भीती वाटली असती. मी नाही मनात धरलं काही."

मनात धरलं नाही! म्हणजे धरण्यासारखं काहीतरी होतं, हे त्याने ठरवूनही टाकलं होतं. आणि ते इतक्या मायेने, इतक्या समजूतदारपणे, की भांडायलाही जागा ठेवली नाही. त्याने शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. ह्याला तिने कडेवर घेऊन वाढवला होता. ह्याने फोडलेल्या काचेबद्दल वडिलांचा मार तिने खाल्ला होता. शाळेत ह्याला पोरं छळायची तेव्हा पट्टी घेऊन ती वर्गात गेली होती. आणि आज हा तिला माफ करत होता, न केलेल्या गुन्ह्याबद्दल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

"मी भ्यायले नाही," ती एवढंच म्हणाली.

"हो गं, कळतं मला," तो म्हणाला. त्याला काही कळलेलं नव्हतं.

ती जिना उतरली तेव्हा डोळ्यांना धार लागली होती. रडू दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. त्या समन्वयक बाईंनी तीन बोटं तिच्या नाकासमोर धरली होती, पण ती बोटं तिच्या भावाच्या घरात येऊन घुसली होती. आता प्रश्न दोन झाले होते. किडनी द्यायची, आणि आपण खोटारडे नाही हे दाखवायचं. एकावाचून दुसरं होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला कुलूप लावून कात्री पुन्हा त्याच हॉस्पिटलात गेली. पण ह्या वेळी किडनी विभागाकडे फिरकलीसुद्धा नाही. डोनर नाही, पेशंटही नाही म्हणता काय? मग होतेच पेशंट! ती सरळ केसपेपरच्या खिडकीत जाऊन उभी राहिली.

"तक्रार काय?" खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं.

"तुमचं हॉस्पिटल."

त्याने मान वर केली. "ते नाही लिहिता येत."

"मग लिहा, प्लेटलेट कमी. मरायला टेकलेय."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. चापूनचोपून विंचरलेले केस, इस्त्रीचे कपडे, कमरेवर हात. "नक्की?"

"तुमचंच मशीन म्हणतंय. आणि तुमचं मशीन खोटं बोलत नाही."

त्याने मुकाट्याने केसपेपर काढून दिला.

तपासायला ज्या डॉक्टरबाई होत्या त्या रक्तविभागाच्या प्रमुख, निवृत्तीला टेकलेल्या, चष्मा केसांत खोचलेला, समोर पेशंटची ही रांग. पण घाईत नव्हत्या. तिन्ही रिपोर्ट त्यांनी शेजारी शेजारी मांडले. मग कात्रीच्या हिरड्या पाहिल्या, दंड पाहिले, पोटऱ्या पाहिल्या. कुठे निळा डाग नाही, कुठे लाल ठिपका नाही. नाकातून रक्त येतं का, विचारलं. दाढ कधी काढली होती का?

"काढली की. त्याच संध्याकाळी दुकान उघडलं."

डॉक्टरबाईंनी केसांतला चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पहिल्यांदा तिच्याकडे माणसासारखं पाहिलं. "स्लाइड कोणी बघितली तुमची?"

"कोणीच नाही. ती पेशंटला असते म्हणे. मी डोनर होते."

"कोण म्हणालं असं?"

कात्रीने सांगितलं. मोजपट्टीपासून तीन बोटांपर्यंत सगळं सांगितलं. फक्त गॅलरीतलं सांगितलं नाही. डॉक्टरबाई ऐकता ऐकता लाल होत गेल्या.

"अहो, काउंट लिहायचा म्हणजे डोळे मिटून खूण करायची असं नसतं," त्या म्हणाल्या. "कोणाला कुठला काउंट, ते माणूस बघून ठरवायचं असतं. एखाद्याला मशीनचा आकडा पुरतो. पण आकडा एक सांगतोय आणि समोरचा माणूस दुसरंच सांगतोय, तर डोळ्यांनी बघायला नको? नीट ऐका. त्या जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून एक द्रव्य असतं. हजारातल्या एखाद्याच्या प्लेटलेट त्या द्रव्यात गेल्या की एकमेकींना चिकटून बसतात. अंगात नाही, फक्त नळीत. मग मशीनला ते गठ्ठे प्लेटलेट म्हणून ओळखूच येत नाहीत. जितका वेळ नळी पडून राहील, तितका आकडा खाली."

"म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"असं मी अजून म्हणत नाही. खरोखर कमी असतील तर तुम्हाला इथून हलू देणार नाही, उपचार करू. पण आधी बघू तर! निळ्या बुचाची नळी असते, तिच्यात दुसरं द्रव्य असतं. दोन्ही नळ्या भरून घ्या, आत्ता, लगेच. स्लाइड मी स्वतः बघते."

एकाच हातातून दोन नळ्या भरल्या. रक्त काढलेल्या जागी कापसाचा बोळा धरायला सांगितला होता. दोन मिनिटांनी कात्रीने तो काढून पाहिला, रक्त कधीच थांबलेलं होतं. तिने तो बोळा रक्त काढणाऱ्या मुलीला मुद्दाम दाखवला. त्या बिचारीला काही बोध झाला नाही.

रांग ओसरल्यावर डॉक्टरबाई तिला घेऊन लॅबमध्ये गेल्या. लांबट खोली, मशीनची घरघर, कोपऱ्यात मायक्रोस्कोप. डॉक्टरबाईंनी आधी स्वतः डोळा लावला, बराच वेळ. मग खुर्ची सरकवली आणि म्हणाल्या, "या, बघा तुम्हीच."

सुईत दोरा ओवणारे डोळे ते, त्यांना सवय होती बारीक बघायची. गुलाबी चकत्यांच्या गर्दीत जांभळ्या ठिपक्यांचे पुंजके दिसले, दोऱ्याच्या गुंत्यात बटणं अडकावीत तसे.

"ही जांभळी नळी. आता ही निळी."

तेच ठिपके, पण सुटे. बटणांचा डबा जमिनीवर उपडा झाल्यासारखे, जिकडे बघावं तिकडे.

"दोन लाख छत्तीस हजार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ठणठणीत आहात."

कात्रीने हुश्श केलं असेल असं तुम्हाला वाटेल. मुळीच नाही. ती स्टुलावर ठाण मांडून बसली.

"म्हणजे एक बूच बदलायचं होतं?"

"हो."

"जांभळ्याचं निळं?"

"हो. आणि कोणीतरी एकदा डोळा लावायचा होता."

"मग लावला का नाही?"

डॉक्टरबाईंनी चष्मा पुन्हा केसांत खोचला. "लॅब म्हणेल, आम्हाला स्लाइड मागितली नाही. किडनीवाले म्हणतील, लॅबने काही कळवलं नाही. आपापल्या जागी सगळे बरोबर."

"आणि माझा भाऊ?" कात्रीचा आवाज चढला. मशीनवरची माणसं वळून बघायला लागली. "तो कोणाच्या जागी आहे? शिरा संपत आल्यात त्याच्या! आणि मला घरात खोटी ठरवली, त्याचं काय? तुमच्या ह्या बुचापायी माझ्या भावाने मला माफ केलं, डॉक्टर! काही केलं नसताना माफ केलं!"

गॅलरीतलं असं अखेर बाहेर पडलं. डॉक्टरबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, मग रिपोर्ट हातात घेतला आणि म्हणाल्या, "चला. मीच येते तुमच्याबरोबर."

समन्वयक बाईंनी रिपोर्ट वाचला. डॉक्टरबाईंकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं, आणि लगेच गोड झाल्या. "बघा ताई! झालं ना सगळं चांगलं शेवटी? तुमची फाइल पुन्हा उघडते हं मी."

"तुम्ही म्हणालात, तीनदा तपासलं," कात्री म्हणाली. "तीनदा नाही तपासलंत. एकदाच तपासलंत, तीन वेळा."

"अहो, पण नियमच तसा..."

"नियम बदला. इथून पुढे कोणाला घरी पाठवण्याआधी निळी नळी आणि स्लाइड. लिहून घ्या."

"ते असं माझ्या हातात नसतं."

"माझ्या हातात असतं," डॉक्टरबाई थंडपणे म्हणाल्या. "लिहा. मी सही करते."

बाईंनी लिहिलं. लिहिताना तीन बोटांनीच पेन धरलं होतं, ते बघून कात्रीला बरं वाटलं. मग तिला आणखी एक सुचलं.

"आणि माझ्याआधी? असं कोणाला परत पाठवलंय का तुम्ही, ह्याच आकड्यावरून?"

बाईंचा गोडवा एकदम आटला. त्यांनी मागच्या कपाटाकडे बघितलं आणि मग टेबलाकडे बघितलं.

"शोधा," कात्री म्हणाली. "मी विचारायला येईन. आता माझा केसपेपर आहे इथला."

डायलिसिसच्या दालनाबाहेर भावजय बसली होती, मांडीवर न उघडलेला डबा. नणंदेला बघून ती उठली, काय बोलावं तिला कळेना. कात्रीने तिला बूच सांगितलं, नळी सांगितली, आकडा सांगितला. दोन लाख म्हटल्याबरोबर भावजयीला रडू फुटलं.

"ताई, चुकलं हो माझं. मी काय काय बोलले तुम्हाला..."

"बोललीस. आणि चुकलं. लक्षात आहे माझ्या." कात्रीने डब्यावर टकटक केली. "शुगर आहे ना तुला? मग उपाशी कसली बसतेस? खा आधी, रड मग."

आत खुर्च्यांची रांग होती, प्रत्येक खुर्चीशेजारी घुमणारं एक यंत्र. धाकटा शेवटच्या खुर्चीत. एक हात सरळ ठेवलेला, त्यातून रक्ताच्या दोन नळ्या यंत्रात गेलेल्या. दार उघडंच होतं, त्याने बाहेरचं ऐकलं होतं. ह्या घरातलं सगळं दारं उघडी ठेवूनच व्हायचं. तो हसत होता, डोळे भरलेले होते.

"ताई, मला माहीतच होतं," तो म्हणाला. "काहीतरी घोळ असणार, मला माहीत होतं."

"नव्हतं."

"अगं, खरंच..."

"नव्हतं माहीत तुला!" शेजारच्या खुर्चीतला म्हातारा दचकून जागा झाला. "खोटं बोलू नकोस. किडनी मी देणार आहे. तू माफी मागितलीस तरी देणार, नाही मागितलीस तरी देणार, तो सौदा नाही. पण 'मला माहीत होतं' म्हणू नकोस. तुला वाटलं मी भ्यायले. तुला वाटलं मी डॉक्टरला बाजूला घेतलं. बोल, वाटलं की नाही?"

यंत्र घुमत राहिलं. धाकट्याने मान खाली घातली. लहानपणी काच फोडल्यावर घालायचा तशीच.

"वाटलं," तो म्हणाला. "रात्रभर तेच वाटत होतं. आणि तुझा राग येत होता मला, ताई. खूप राग येत होता."

"हं," कात्री म्हणाली. "आता बोललास खरं."

ती खुर्चीच्या कडेला टेकली. मग तिचं लक्ष त्याच्या शर्टाकडे गेलं. तिनेच शिवलेला, आजाराच्या आधी. आता खांदे दंडावर उतरले होते, कॉलरमध्ये अजून एक मान मावली असती.

"हे काय घातलंयस? तंबू?" तिने गळ्यातली मोजपट्टी काढली. "आत घेते. कापत नाही, नुसती शिवण आत घेते. नवी किडनी बसली की पुन्हा अंग धरशील, तेव्हा उसवता येईल."

धाकटा पट्टीकडे बघत राहिला. "राग गेला का तुझा?"

"नाही. हात वर कर."

त्याने सवयीने नळ्या लावलेलाच हात उचलायला घेतला.

"तो नव्हे रे मूर्खा," कात्री ओरडली, आणि तो हात तिने आपल्या दोन्ही हातांनी अलगद खाली दाबून धरला. "दुसरा."